लहानाचा नंबर आधी

मुलुंड

आदरणीय शिवदास काकांना कृणालचा जय भीम. मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा आणि म्हैस, दोन्ही बरी असोत. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्हीच आधी बोलता आणि तुमचं झालं की ठेवता.

चार नोकऱ्या सोडलेला तुमचा पुतण्या या हॉस्पिटलात वर्षभर वॉर्डबॉय म्हणून टिकलाय, तो आमच्या डॉक्टर सुलक्षणा मॅडममुळे. मागच्या वर्षी सगळे मोठे डॉक्टर लोणावळ्याला लीडरशिपच्या ट्रेनिंगला गेले होते (शाल-नारळवालं पुढारीपण नव्हे काका, ते तुम्हाला येतंच). बाकीच्यांचं ट्रेनिंग घाट उतरतानाच उतरलं. मॅडमचं अजून चढलेलं आहे. रोज सकाळी वॉर्डात गोल करून उभं राहायचं, सगळ्यात लहानानं आधी बोलायचं, मॅडम शेवटी. लहान म्हणजे मी. पहिल्या दिवशी काही सुचेना म्हणून कॅन्टीनच्या उसळीवर बोललो, ते जरा लांबलं. तरी डॉक्टर, सिस्टर सगळे हात मागे बांधून ऐकत होते. आपल्या घराण्यात एवढा मान कुणाला मिळालाय सांगा.

मध्यंतरी लिफ्ट अडकली. आत मॅडम, मी, एक आजोबा आणि आईच्या कडेवर एक पोरगी. काय करायचं, असं मॅडमनी लहानापासून विचारलं. पोरगी म्हणाली, शू. माझं मत चालू असतानाच दार उघडलं, पण पोरीच्या आईचं आणि आजोबांचं राहिलं होतं, म्हणून मॅडम कुणालाच जाऊ देईनात. आईचं एका शब्दात झालं, आजोबांनी त्यांच्या काळच्या लिफ्टपासून सुरुवात केली. शेवटी पोरीचं मत तिथंच अमलात आलं. (पुसलं मीच.)

लोक हसतात त्यांना. मीही एकदा विचारलं, मॅडम, कशाला एवढं? तर म्हणाल्या, "मोठ्यानं आधी तोंड उघडलं ना कृणाल, की बाकीच्यांच्या नुसत्या माना हलतात. आणि आपल्याला वाटतं, सगळे हो म्हणाले."

तेव्हापासून त्यांना कुणी हसलं की मला राग येतो. काकीला नमस्कार, म्हशीला पण.

तुमचा, गोलात पहिला बोलणारा,
कृणाल

ता. क. रविवारी फलटणची माणसं दर्शनाताईचं लग्न ठरवायला येणार. तुम्ही म्हणालात, लेकीला विचारलं, तिनं मान हलवली. काका, आधी कोण बोललं होतं? माणसं यायच्या आत घरात एकदा गोल करा. तुम्ही शेवटी.

आणखी ता. क. मी ताईहून लहान, म्हणजे नंबर आधी माझा. मला मुलगा पसंत आहे, त्याची गाडी झकास आहे. ताईला काय वाटतं तेही मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तो तिचा नंबर आहे.