पांढऱ्या दगडाचा रंग

सोमवार, ४ ऑक्टोबर १९८२

गेल्या बुधवारी साडेअकराच्या तासाला अर्थशास्त्राचे सर म्हणाले, गिरणी कामगारांना माज आला होता, आता उतरेल. मी पुढं गेलो आणि डस्टर फळ्यावर फेकून मारला. तिथं माझं सगळं बदललं. कॉलेज सुटलं. वाईट वाटत नाही. जिच्याशी मला लग्न करायचंय त्या सुमेधाचे वडील जानेवारीपासून संपावर आहेत. त्यांना कुणी असं बोललं की माझं डोकं फिरतंच.

आणि आज नोकरी लागलीसुद्धा! गिरगावात, राधाबाईंकडे. पहिला मजला, मोठी उजेडाची खोली, खाली फुलवाला. राधाबाईंचे यजमान माझगावच्या गोदीत बोटींना सामान पुरवायचे. त्यांनी तुर्कस्तानातून आणवलेले पाइप पेट्या भरून पडलेत. मीरशॉम म्हणतात तो दगड. पांढराशुभ्र, आणि इतका हलका की तळहातावर काही ठेवलंय असं वाटतच नाही. तंबाखू ओढत गेलं की धूर दगडात मुरतो, रंग चढतो. आधी नळीजवळ पिवळसर, मग मधासारखा, शेवटी काळपट लाल. फोर्टातल्या हॉटेलांत उतरणाऱ्या साहेबांना रंगलेला पाइप हवा, पण वर्षानुवर्षं ओढत बसायला वेळ नाही. म्हणून इथं ओढायला माणसं बसवलीत.

माझं काम देखरेखीचं. पाइपला मेण लावायचं, रंग बघायचा, आणि तंबाखू जळते त्या गरम वाटीला कुणाचं बोट लागू द्यायचं नाही. लागलं तर तिथं रंग धरत नाही. पाइप धरायचा तो नळीनं.

संध्याकाळी लालबागला जाऊन सुमेधाला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, तुझ्या डोक्यातला धूर तरी कुणाच्या कामी येईल.

शनिवार, ९ ऑक्टोबर

शब्द टाकून गणपतकाकांना, म्हणजे सुमेधाच्या वडिलांना, कामाला लावलं. आधी तयार नव्हते. तीस वर्षं गिरणीत कापडाच्या साच्यावर उभा राहिलेला माणूस मी, मला बसवून धूर काढायला लावतोस काय रे झिला, म्हणाले. मग आले.

आणखी तिघं आहेत, सगळे गिरणीतलेच. काकांनी त्यांच्यातल्या लवूला विचारलं, कुठल्या खात्यातला रे तू? लवू ओढत राहिला. काका संपावर बोलले, मालकांना मालवणी शिव्या दिल्या, कुणी मान वर केली नाही. नव्या माणसाशी अंतर ठेवत असतील.

निघताना काका म्हणाले, गुडघा दुखायचा थांबलाय. आणि सुमेधाचं दिवाळीनंतर बघू. लालबागपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. काय बोलत होतो ते मलाच आठवत नाही.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

सुमेधानं काकांसाठी बोंबलाचं कालवण पाठवलं होतं. त्यांनी डबा उघडला नाही. तीन हाका मारल्या. बघेनात. माझं डोकं फिरलं, त्यांच्या तोंडातला पाइप हिसकावला. वाटी निखाऱ्यासारखी तापलेली. चार बोटं भाजली.

राधाबाई रागावल्या नाहीत. डाग राहणार, एवढंच म्हणाल्या.

मंगळवार, २ नोव्हेंबर

काकांच्या पाइपवर मधाचा रंग आलाय. चार पांढरे डाग सोडून.

आज काकांना खिडकीशी उजेडात पाहिलं. काळेसावळे गणपतकाका मेणासारखे पांढरे पडलेत. ओठसुद्धा. फक्त डाव्या गालावर चार ठिपके, जुन्या रंगाचे. मी माझी चार बोटं त्यांवर ठेवली. बरोबर बसली.

काका हलले नाहीत. म्हटलं, सुमेधा वाट बघतेय, घरी चला. त्यांनी विचारलं, कोण?

बुधवार, ३ नोव्हेंबर

काकांना घरी पोचवलं. उचलून. एका हातानं — रिकाम्या टोपलीएवढे हलके झालेत. सुमेधा म्हणते, अशक्तपणा आहे, पेज देते.

परत आलो. पाइप टेबलावर विझलेला. तरी सकाळपेक्षा गडद.

राधाबाईंवर धावून गेलो. पाइप फोडतो म्हटलं. त्या मेण ढवळत होत्या. म्हणाल्या, फोड, पण तुझे काका आता त्याच्यात आहेत. अर्ध्यावर सोडलेला पाइप माणसाला संपवूनच थांबतो. दुसऱ्यानं तोंड लावलं तर पहिला सुटतो. भात कसा शिजवायचा ते सांगावं, तसं सांगितलं.

मी पाइप भरला. पेटवला.

सोमवार, ८ नोव्हेंबर

काकांनी पेज मागून घेतली म्हणे. मीठ कमी म्हणून सुमेधाला शिवी घातली. ती सांगताना हसत होती, रडतही होती. मी ऐकून घेतलं.

भाजलेल्या बोटांची आग थांबलीय.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

जिन्याशी फुलवाल्यानं धक्का दिला, वर मलाच आंधळा म्हणाला. राग — वाट पाहिली. आला नाही.

पाइप काळपट लाल. तरुण माणसाचा रंग लवकर धरतो, राधाबाई म्हणाल्या.

रविवार, २८ नोव्हेंबर

सुमेधा माझ्या खोलीवर आलीय. काका लग्नाला हो म्हणाले. तेच सांगायला.

तिनं ही वही वाचली. हे माझ्यासाठी केलंस, म्हणाली. मी म्हटलं, असेल.

बराच वेळ रडली. समोर बसूनच लिहितोय. ओळखीची वाटते —

ओढायची वेळ झाली. उठलो. जाऊ नको रे, म्हणाली. हात धरला. धरलाय असं दिसलं.

सोडवला. वही घेऊन बाहेर आलो, दार ओढून घेतलं, ती मागं येऊ नये म्हणून बाहेरून कडी लावली. भिंतीला टेकवून लिहितोय. आतून ती कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारतेय. ते नाव