गुलाबी ठोकळ्यांची आयुधपूजा

चि. मल्हारराव यास बंगळुराहून सोयराअक्काचे पोटभर आशीर्वाद. मी कोण हे आठवत नसेल तर सांगते, मी तुझी थोरली बहीण. मागच्या खेपेला विसरलेली छत्री न्यायला म्हणून आलास आणि छत्रीच्या सोबतीला चष्माही ठेवून गेलास, तेव्हा आधीच खुलासा केलेला बरा. तुझा गुडघा कसा आहे? भावजयीची कंबर? होसकोट्याला पाऊस चांगला झाल्याचं कळलं. माझी तब्येत ठणठणीत आहे, बिघडायला सवड नाही.

हे पत्र आमची सून अहल्या लिहिते आहे. मी बोलते, ती उतरवते. (आत्याबाई बोलतात तेवढंच उतरवते. – अ.) आत्ता मी गप्प होते तरी तिचा हात चालत होता, हे ध्यानात ठेव.

तर अहल्या मद्रासला जाऊन माँटेसरी शिकून आली हे तुला ठाऊक आहे (नसेलच, पण असू दे). आमच्या दिवाणखान्यात तिने चिमुरड्यांची शाळा मांडली आहे. पाटी नाही, पाढे नाहीत, छडी नाही. एक पोरगं डाळ एका वाटीतून दुसरीत ओततं आणि पुन्हा पहिलीत ओततं. दुसरं लाकडी चौकटीला शिवलेली बटणं लावतं आणि काढतं. गुलाबी ठोकळे मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचायचे. खरखरीत कागदाची अक्षरं फळीवर चिकटवली आहेत, ती बोटांनी गिरवायची. मी विचारलं, अगं, मग ही शिकतात कधी? म्हणाली, आत्ता शिकतायत. मी चांगलं वाकून पाहिलं रे, मला दिसलं नाही. पण मजा अशी की कुणी रडत नाही. तेव्हापासून मला चैनच पडेना. रोज कोपऱ्यात चटई टाकून बसायला लागले. अहल्येची अट एकच, मुलाला जे करता येतं ते मोठ्यांनी करून द्यायचं नाही. हा नियम सरकारने लागू केला तर एका दिवसात सगळ्या आज्या बेकार होतील. (हे आत्याबाईंनी शाळेत सगळ्यांसमोरही सांगितलं. – अ.)

आता खरी गोष्ट. आमच्या संताजीला तो दिवाणखाना हवा होता, त्याच्या पाण्याच्या पंपांचं कोठार करायला. नवरा-बायकोत तोडगा असा निघाला की दसरा झाल्यावर मद्रासहून पाहणीला बाई येणार, त्या हो म्हणाल्या तर शाळा, नाही म्हणाल्या तर पंप. अहल्येचं जेवण त्या काळजीने निम्म्यावर आलं. आणि मध्ये आली खंडेनवमी.

तुला आपल्या घरची रीत विसरता येणार नाही अशी आशा आहे. आपण आपली तलवार पुजतो, संताजीचे पाने-पकडी पुजतो, माझी विळी पुजतो. मी म्हटलं, आणि सुनेची हत्यारं तेवढी उघडी राहायची का? पहाटे आंघोळ करून दिवाणखान्यात गेले. एकेका गुलाबी ठोकळ्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. वाट्या, सुरया, बटणांच्या चौकटी, खरखरीत अक्षरं, कुणाला नाराज केलं नाही. झेंडू वाहिला, गुळाचा नैवेद्य ठेवला. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, म्हणून कडी घातली. दसऱ्याला आम्ही बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला नातलगांकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली, बाई आल्या, आणि अहल्येनं दार उघडलं.

मल्हारी, मुंग्यांची वारूळभर वरात गुळावरून ठोकळ्यांवर चढली होती. कुंकू तेलासकट लाकडात मुरलं होतं. बाईंचं नाव भाग्यलक्ष्मीअम्मा, जाड चष्मा, आवाज बारीक. त्या नुसतं म्हणाल्या, "इदेनम्मा?" म्हणजे, हे काय गं? अहल्येचं तोंड पांढरं पडलं. मी फडकं घेऊन उठले, तर ती म्हणाली, "आत्याबाई, बसा. मुलं करतील."

मी दोन्ही हातांवर बसले. अक्षरशः. नाही तर हातांनी ऐकलं नसतं.

आणि बघ, कुणी काही सांगितलं नाही. शेजारची रत्ना, जिला घरी आई भरवते, तिने बादली ओढत आणली. एकाने मुंग्या सुपात घेऊन अंगणात नेऊन सोडल्या. बाकीची साबण लावून घासायला बसली. रत्नाने फडकं पिळलं ते स्वतःच्याच डोक्यावर. माझा जीव वरखाली झाला. तिचा नाही. पाणी वाहत अम्मांच्या लुगड्याच्या काठापर्यंत गेलं, तरी कुणाचं लक्ष नाही. अम्मा मदतीला म्हणून वाकल्या, तर रत्नाने फडकं काढून घेतलं. "हे माझं काम आहे, स्वल्प थांबा." (मी तेव्हा मनात देवाला हात जोडले. – अ.)

अम्मांनी विचारलं, हा पाठ कुणी आखला? अहल्येला मी आखला असं म्हणता आलं असतं. तिने माझ्याकडे बोट केलं. मग मला विचारलं, पूजा का केली? मी म्हटलं, ज्या हत्यारावर माणूस जगतं त्याची पूजा होते. ही माझ्या सुनेची हत्यारं आहेत. त्यावर अहल्या खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पडदा नीट करत राहिली. (धूळ होती. – अ.)

अम्मा म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. शाळा चालू द्या." पंप अंगणात गेले, त्यांच्यावर ताडपत्री घातली आहे.

भावजयीला आशीर्वाद. अंगठा सोबत उठवला आहे.

तुझी सोयराअक्का

ता. क. – शेंगा काढल्या असतील तर एक पोतं पाठव. मातीसकट पाठव. धुऊन, निवडून, सोलून पाठवल्यास तर आल्या बसने परत करीन. मुलांना काम हवं आहे.

दुसरा ता. क. – अहल्या दूध उतू जातंय म्हणून आत पळाली, तेवढ्यात हे संताजीकडून लिहवून घेते. पोत्याच्या तळाशी एका डब्यात भाजलेल्या, सोललेल्या, मीठ लावलेल्या शेंगा माझ्यासाठी वेगळ्या ठेव. मला आता कुणी काही शिकवू नये.