झोपलेली खाट

३ ऑगस्ट
बेलापूरजवळच्या या वृद्धाश्रमात आज आलो. सचिन आणि सूनबाई सोडून गेले. खोली हवेशीर, खिडकीतून ऊस दिसतो. मला कंपवात, त्यात पापण्या मिटल्या की आपोआप उघडत नाहीत. मी झोपलेला नसतो, डोळे फक्त बंद. भुवईवर बोट दाबलं की उघडतात. जन्मभर एसटी चालवली, आता पापणीला धक्का मारून चालू करतो! देखभालीला सुनील म्हणून आहे. त्याला सांगितलं, तो हसला. शेजारच्या खाटेवर कानिफनाथ, आजार हाच. तो कायम झोपूनच असतो म्हणे.

६ ऑगस्ट
कंपवाताची दुपारची गोळी आली नाही. सुनील म्हणाला, डॉक्टरांनी बंद केली. कोणते डॉक्टर? मला तर कुणी तपासलंच नाही! अंगाचं लाकूड झालं, डोळे मिटले. दारात सुनील कुणाला तरी सांगत होता, म्हातारं झोपलं एकदाचं. डोक्यात तिडीक गेली.

९ ऑगस्ट
सुनील बाहेर गेल्यावर कानिफनाथच्या भुवईवर बोट दाबलं. डोळे उघडले. लालबुंद, पाण्यानं भरलेले. मी त्याच्या तोंडाशी कान नेला.
"जागाच हाय मी. समदं ऐकतो. हात बांधत्यात."
चादर उचलली. दोन्ही मनगटं फडक्यानं खाटेला आवळलेली. बोट भुवईपर्यंत जाऊच नये म्हणून! मी गाठी सोडल्या. सुनील दारातून बघत होता.

१० ऑगस्ट
सचिन आला. ओरडून सांगितलं, पण आवाज निघतो तो पुटपुटण्याएवढा. सुनील मायेनं म्हणाला, "आजोबांना भास होतात, दादा." माझ्या पोरानं मान डोलावली! कानिफनाथची चादर उचलून बघ म्हटलं, तर म्हणे झोपलेल्या माणसाला कशाला त्रास.

११ ऑगस्ट
सकाळचीही गोळी नाही. माझेही हात बांधले, जेवायला तेवढे सोडतो. पापणीवर माशी चालत होती — झटकता येईना — बाहेर मोबाईलवर गाणी. हरामखोर.

१२ ऑगस्ट
जेवणासाठी हात सोडलेत. कानिफनाथची खाट रिकामी. झोपेत गेला म्हणे. झोपेत! खोटं — सुनीलनं त्याच्या तोंडात पडल्या पडल्या पेज ओतली — ठसका लागला — हा ओततच राहिला — मी ऐकलं —
पापण्या मिटल्या. उघडायला वेळ नाही, न बघता लिहितोय.
पावलं. वाटीत चमचा वाजतोय. सुनील, आधी हे वाच. मी तोंड उघडणार नाही. दात आवळून बसेन, चावेन, पण तुझ्या हातून —