पाइपाचा स्वेटर

धाकटे, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी मी चहा ठेवत होते आणि हे जिन्याखाली उकिडवे बसून पाण्याच्या पाइपाला जुने कपडे गुंडाळत होते. इथल्या थंडीत पाइप गोठून फुटला, की इमारतीतली बाराही घरं कोरडी.

यंदा हे नाहीत, म्हणून मीच यांचा करडा स्वेटर सुतळीने बांधला. चार दिवसांनी बघते तर पाइप उघडा आणि स्वेटर सोसायटीच्या अध्यक्षांच्या दारात पायपुसणं! वर चिखल, कुत्र्याचे केस. शिसारी आली गं.

“चिंधी पडली होती वहिनी, म्हणून घेतली.”

“पडली नव्हती, बांधली होती. पाइप झाका अशी नोटीस तुम्हीच लावलीत ना?”

तर दात काढून हसला. लाज कशाशी खातात, ठाऊक नाही मेल्याला.

मी उचलून आणला, तीन पाण्यांतून धुतला, शेगडीजवळ वाळत घातला. वाटलं, आता पेटीतच ठेवावा.

माझी काळजी करू नकोस, वेळेवर जेवते. चहा तेवढा अजून दोन कप होतो. तुझा गुडघा कसा आहे?

दुसऱ्या दिवशी मी तो स्वेटर पुन्हा पाइपालाच गुंडाळला आणि सुतळीला दोन गाठी जास्त मारल्या.

तुझी थोरली