बटणावरचं बोट

ता. २

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि ईमेल ज्यावरून करते तोच बिघडलाय, म्हणून हे कागदी पत्र. संगणकाने छळ मांडलाय. काम आवरून झोपवावं, म्हणजे तुमचं ते ‘स्लीप’, तर मी खोलीबाहेर पडेपर्यंत हा टक्क जागा. आणि मी छापील पानं वाचत बसले की दहा मिनिटांत आपणहून झोपतो. मग उठवायला जावं तर पार बंदच पडतो, आणि तासाभराच्या दुरुस्त्या गायब. मुलांच्या ज्ञानकोशाची तीनशे पानं वीस तारखेपर्यंत तपासून द्यायचीत. छापखान्याच्या व्यवस्थापकांनी कळवलंय, या वेळी उशीर झाला तर काम दुसऱ्याकडे जाईल. सत्तावीस वर्षांचं काम गं. दवाखान्यातले चाळीस संगणक सांभाळतेस, हा एकेचाळिसावा समज.

दादाला विचारल्याचं सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

ता. ५

ती. आत्यास सा. न.

सोबतच्या कागदावर त्याच्या झोपेची सेटिंग कशी बदलायची ते लिहिलंय. प्रत्येक पानानंतर सेव्ह कर, ही आज्ञा समज. बाबा म्हणाले, लहानपणी तूही अशीच होतीस, झोपवलं की जागी आणि उठवलं की गाढ.

एवढ्याने भागलं नाही, तर तुझे हात नेमकं काय करतात ते लिही. यंत्राचं नको, हातांचं.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते),
ठमी

ता. ९

चि. ठमीस आशीर्वाद.

सगळं केलं, फरक शून्य. हातांचं विचारलंस म्हणून लिहिते. झोपवलं की लगेच त्याच्यावर माझं शिवलेलं जाड झाकण घालते, कीबोर्ड-माऊससकट, धूळ नको म्हणून. उठवताना बटण दाबते आणि नीट चालू होईपर्यंत दाबून धरते.

शेजारीण म्हणते नवा घे. मला मात्र वेगळीच भीती वाटते. कान गेले, ते मी छापखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. आता डोकंही चाललंय की काय? कदाचित यंत्र ठीक असेल, मीच बिघडले असेन. एकशे चाळीस पानं उरलीत. हे दादाला वाचून दाखवू नकोस.

आत्या

ता. १२

ती. आत्यास सा. न.

वाचता वाचता मी खुर्चीतून उठून उभी राहिले. झाकण ओढताना माऊस हलतो, म्हणून तो जागा होतो. आधी माऊस उचलून खणात ठेव.

आणि बटण. आमच्या दाराची घंटा तू कशी वाजवतेस, आठव. वाजली की नाही ते तुला कळत नाही, म्हणून दार उघडेपर्यंत बोट काढत नाहीस. सगळा मजला बाहेर येतो. संगणकालाही तेच करतेस. ते बटण चार-पाच सेकंद धरून ठेवलं, की त्याला सक्तीने बंद होण्याचा हुकूम जातो. तो बिचारा उठतच असतो आणि तू त्याचा गळा दाबतेस.

एकदाच टिचकीसारखं दाब, बोट उचल, आणि संगणकाच्या बटण असलेल्या पेटीवर तळहात ठेव. आतला पंखा फिरू लागला की थरथर लागेल. तू बिघडलेली नाहीस, आत्या. तुला ऐकू येत नाही, एवढंच.

ठमी

ता. २१

चि. ठमीस पोटभर आशीर्वाद.

दाबलं. उचललं. तळहात ठेवला आणि मांजर घुरघुरावं तशी थरथर आली, मग पडदा उजळला आणि सोडलेली ओळ जशीच्या तशी समोर. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग नुसता चाळा म्हणून त्याला नऊ वेळा झोपवून उठवलं.

तीनशेच्या तीनशे पानं एकोणीस तारखेलाच स्वतः नेऊन दिली. व्यवस्थापक काहीतरी बोलू लागले, तेव्हा पहिल्यांदाच सांगून टाकलं, की मला ऐकू येत नाही, लिहून द्या. त्यांनी लिहिलं: पुढचे दोन खंडही तुम्हीच तपासा. तो कागद सोबत पाठवतेय. दादाला आता सगळी पत्रं वाचून दाखव.

पुढच्या महिन्यात येते. घंटा एकदाच दाबीन आणि दाराला तळहात लावून उभी राहीन. तू धावत आलीस की कळेल मला.

तुझी,
न बिघडलेली आत्या