९३१ पैकी ९३१

४ मे, रविवार. सकाळी ९.
निर्णय झाला. कॉम्प्युटरमधली दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे डी ड्राइव्ह, फॉरमॅट करून टाकायची. पार कोरी. तिच्यावर लग्नापासूनचे अठरा वर्षांचे फोटो आहेत. बायको बहिणीकडे निघून गेली त्याला नऊ दिवस झाले. परत येणार नाही म्हणाली. मग मी काय म्युझियम उघडून बसू?
दहा मिनिटांचं काम. मला कॉम्प्युटरमधलं कळतं. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मलाच हाक मारतात.

९.४०
राइट क्लिक केलं. फॉरमॅट दाबलं. तर विचारतो, एनटीएफएस की एक्सफॅट? असं एकदम विचारल्यावर कुणीही थबकेल. कॅन्सल. यात भावनेचा काही संबंध नाही, अभ्यास कमी पडला.
चष्मा सापडत नाही. तो कुठे असतो हे तिलाच माहीत असायचं.

५ मे
ड्राइव्ह उघडायची नाही असा नियम केलाय. फोटो दिसले की हात चालायचा नाही. पण बाहेरून बघायला काय हरकत आहे? चष्म्याशिवाय मोठे आकडे दिसले: ९३१ जीबी, पैकी ९३१. मधलं बारीक अक्षर लागलं नाही. गच्च भरलीय!
जिचे माझ्याबरोबरचे इतके फोटो आहेत ती बाई अशी कशी जाईल? आज ना उद्या मागायला येणारच. आली की चहा टाकायचा आणि विषय काढायचा.

११ मे, रविवार
मेव्हणीला फोन केला. आवाज कडक ठेवला. सांगितलं, पुढच्या रविवारी सकाळी अकराला डी ड्राइव्ह फॉरमॅट होणार, तुझ्या ताईला हवं ते येऊन घेऊन जा म्हणावं. मेव्हणी म्हणाली, थांबा भाऊजी, ताई इथेच आहे. आत काहीतरी बोलणं झालं. मग म्हणाली, ताई म्हणतेय, खुशाल करा.
खुशाल! माणूस इतकं तोडून बोलतो म्हणजे आत केवढं साठलेलं असणार. येणार म्हणजे येणारच.

१३ मे
ऐनवेळी फजिती नको म्हणून बाकीच्या पद्धती मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचून ठेवल्या.
दुसरी पद्धत: डिस्क मॅनेजमेंट. आडव्या पट्ट्या दिसतात. चुकून सी ड्राइव्हची पट्टी धरली तर अख्खा कॉम्प्युटरच जायचा. रद्द.
तिसरी: काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करायचा. 'क्लीन' लिहून एंटर मारलं की संपलं. नक्की ना, असंही विचारत नाही. अठरा वर्षांचं पुसताना एकदा तरी विचारायला नको? रद्द.

१८ मे, रविवार. सकाळी १०.
घर झाडलं. दाढी केली. दोन कप धुवून ठेवले. कॉम्प्युटर सुरू.

११.१०
येईल. बसला उशीर झाला असेल.

दुपारी १.३०
फॉरमॅट आठवडाभर पुढे ढकललं. मध्येच वीज गेली तर डिस्क खराब होते. वीज काही गेली नाही, पण जाऊ शकली असती.
एक कप तसाच कोरडा राहिला. बघून रडू आलं. धूळही फार होती घरात.

२४ मे, शनिवार
चष्मा सापडला. पहिल्याच खणात, त्याच्या डबीत. तिथे बघायचं सुचलंच नव्हतं.
लावला आणि वाचलं. ९३१ जीबी 'फ्री', ९३१ पैकी.
नियम मोडून ड्राइव्ह उघडली. आत काही नाही. लग्न नाही, सहली नाहीत, बाबांचा शेवटचा वाढदिवस नाही. मी रोज जिला पुसण्याच्या धमक्या देत होतो ती केव्हाच पुसलेली होती.
पण धीर सोडलेला नाही. वाचलंय ना मी: 'क्विक फॉरमॅट' केलं तर फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं खाली तशीच राहतात. जाता जाता, रागाच्या भरात केलं असणार तिनं. म्हणजे क्विकच. म्हणजे सगळं अजून तिथेच आहे. डिस्क उद्या दुरुस्तीवाल्याकडे.

२५ मे
आज रविवार, दुकान बंद. शटरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. चष्मा लावूनही ते वाचायच्या आधी दोनदा शटर वाजवलं.

२६ मे, सोमवार
दुरुस्तीवाल्यानं डिस्क त्याच्या मशीनला लावली. बराच वेळ बघत राहिला. एकही फोटो निघाला नाही. म्हणाला, साहेब, क्विकची टिक काढून केलंय हे. यात खालचीही पानं पुसली जातात. मी म्हटलं, रागात झालं असेल. तो म्हणाला, रागात नाही होत हो, तीन तास लागतात याला, मध्ये केव्हाही थांबवता येतं. तारीखही काढून दिली. १३ एप्रिल, रविवार, दुपारची वेळ. ती गेली त्याच्या बारा दिवस आधी.
ती दुपार मला चांगली आठवते. मी मॅच बघत होतो. ती कॉम्प्युटरसमोर बसून होती. काय करतेस, असं मी विचारलं नाही. चहा मात्र दोनदा मागितला. दोन्ही वेळा ती उठली, चहा करून हातात दिला, आणि परत जाऊन बसली.