गॅलरीतलं हिरवं लुगडं

ऋता,

आई सकाळी तलावाकडे फुलं तोडाले गेली, दोन तास झाले, अजून वापस नाही आली. फोन घरीच ठेवून गेली. तुझाही लागून नाही राहिला. आपल्या जुन्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, कोणीही तिले घरी आणून सोडलं असतं. या नव्या सेक्टरमधी सारी घरं एकसारखी, अर्ध्यांले कुलूप, विचारणार कोणाले? तिले आपल्या घराचा नंबरही पाठ नाही. गॅलरीत वाळणारं आपलं हिरवं लुगडं पाहून ती घर ओळखे. समोर कपडे वाळवू नका अशी सोसायटीची नोटीस आली, म्हणून काल मीच ते मागं टाकलं.

मी तलावाकडे जाऊन राहिलो. तू घरीच थांब. तिची सारी लुगडी समोर टांगली आहेत. सोसायटीवाले ओरडले तरी काढू नको.

शिशिर